प्रकल्प नोंदी: डोकं दुखायच्या आधी

३ जून २०२४

एथिक्स कमिटीची मंजुरी हातात आली. आता काम सुरू.

काम असं: आमच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या केंद्रात, ज्यांचा सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) २०० च्या खाली येईल, त्या प्रत्येकाच्या रक्तात क्रिप्टोकॉकस या बुरशीचं प्रतिजन, म्हणजे ती शरीरात असल्याची खूण, शोधायचं. त्यासाठी वेगळी सुई टोचायची नाही आणि वेगळी फेरीही मारायला लावायची नाही. सीडी-फोरसाठी घेतलेल्या जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये प्लाझ्मा उरतोच, तोच तपासणीच्या पट्टीला पुरतो. दहा मिनिटांत उत्तर मिळतं.

ही बुरशी दुर्मीळ नाही. कबुतरांच्या विष्ठेत, मातीत असते आणि श्वासातून आपल्यापैकी बहुतेकांच्या छातीत कधी ना कधी जाते. प्रतिकारशक्ती धड असेल तर तिथेच दबून राहते. एचआयव्हीने सीडी-फोर पेशी शंभराच्या खाली आणल्या की ती रक्तात उतरते आणि मेंदूच्या आवरणात शिरते. युगांडात साठवलेले जुने नमुने मागे जाऊन तपासले, तेव्हा मेंदूज्वराची लक्षणं दिसायच्या साधारण तीन आठवडे आधी प्रतिजन रक्तात सापडलं होतं. आमचा सगळा प्रकल्प या तीन आठवड्यांसाठी आहे.

जगभरात एचआयव्हीसह जगणाऱ्यांमध्ये २०२० साली या मेंदूज्वराचे अंदाजे १ लाख ५२ हजार रुग्ण झाले आणि १ लाख १२ हजार जण गेले. एड्सच्या दर पाच मृत्यूंमधला जवळपास एक. औषध असलेल्या, आधी ओळखता येणाऱ्या आजाराचा हा आकडा आहे.

१७ जून

लॅबमध्ये सकाळभर प्रशिक्षण. एक थेंब द्रावण, ४० मायक्रोलिटर प्लाझ्मा, त्यात पट्टी उभी. दोन रेघा आल्या तर पॉझिटिव्ह, दुसरी रेघ फिकट असली तरी पॉझिटिव्हच. टेक्निशियन दादांनी विचारलेला प्रश्न महत्त्वाचा होता: प्रतिजन फारच जास्त असेल तर? तेव्हा उलटच घडतं, रेघ फिकट पडते किंवा उमटतच नाही. म्हणून रुग्णाला डोकेदुखी आहे आणि पट्टी कोरी आहे, असं दिसलं की नमुना पातळ करून पुन्हा लावायचा. हे भिंतीवर लिहून चिकटवलं.

पट्ट्या २० ते २५ अंशांत ठेवायच्या असतात. मराठवाड्याच्या जूनमध्ये असं तापमान फक्त सीडी-फोर यंत्राच्या खोलीत मिळतं, म्हणून खोका तिथेच ठेवला. यंत्राशेजारीच पट्टी असली की विसरायची शक्यताही कमी. दक्षिण आफ्रिकेने २०१६ पासून हेच देशभर केलं. सीडी-फोर १०० च्या खाली आला की डॉक्टरने लिहून द्यायची वाट न बघता प्रयोगशाळाच पुढची तपासणी करू लागली. मला ही रचना मनापासून पटते. ओपीडीच्या गर्दीत थकलेल्या डॉक्टरच्या आठवणीवर कुणाचा जीव अवलंबून राहू नये.

दुपारी रजिस्टर चाळली. आधी एचआयव्हीचं औषध सुरू करायला सीडी-फोरची मर्यादा होती: २००, मग ३५०, मग ५००. २०१७ पासून आपल्याकडे निदान झालं की औषध. हा निर्णय योग्यच होता. पण त्यानंतर सीडी-फोरकडे बघायची सवय सैल झाली. औषध तर द्यायचंच आहे, मग आकडा कशाला, असं होतं. आकडा औषध कधी सुरू करायचं हे ठरवायला लागत नसला, तरी रुग्ण किती धोक्यात आहे हे त्यातूनच कळतं. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, ते सांगत नाही.

२५ जुलै

म्युनिकच्या एड्स परिषदेतली बातमी: एचआयव्हीची लागण टाळणारं लेनाकॅपाव्हिर. सहा महिन्यांतून एक इंजेक्शन. दक्षिण आफ्रिका आणि युगांडामधल्या २,१३४ तरुण स्त्रियांना ते दिलं आणि त्यांच्यापैकी एकीलाही एचआयव्हीची लागण झाली नाही. शून्य. निबंध काल प्रसिद्ध झाला, आज काउन्सेलर ताईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांना भरून आलं. २००४ मध्ये मोफत एआरटी सुरू झालं त्याच्याही आधीपासून त्या या कामात आहेत, तेव्हा हातात फक्त समुपदेशन होतं.

हे इंजेक्शन आपल्या माणसांपर्यंत परवडणाऱ्या किमतीत यायला हवं, त्यासाठी आवाज उठवावा लागेल आणि तो आम्ही उठवू. पण लागण आधीच झालेली आणि शरीर पोखरून निघालेली माणसं आत्ता वॉर्डात आहेत. त्यांच्यासाठी लागतं ते सगळं जुनं आहे: पट्टी, सुई, १९५०च्या दशकातलं बुरशीवरचं इंजेक्शन, अँफोटेरिसिन.

९ ऑगस्ट

पट्टीवर दुसरी रेघ उमटली. रुग्ण स्वतःच्या पायांनी चालत आलेले. वजन घटलंय, तोंडात पांढरा थर आहे, बाकी तक्रार नाही. डोकं दुखत नाही, ताप नाही.

अशा वेळी मणक्यातलं पाणी तपासावंच लागतं. लक्षणं नसलेल्या पॉझिटिव्ह रुग्णांपैकी जवळपास एक तृतीयांश जणांच्या मेंदूच्या आवरणात बुरशी आधीच पोहोचलेली असते. पोहोचली नसेल तर बुरशीवरच्या फ्लुकोनॅझोलच्या गोळ्यांवर भागतं, पोहोचली असेल तर भागत नाही.

ते ऐकायलाच तयार नव्हते. सोबत मेव्हणे होते, ते म्हणाले, "मॅडम, आमच्या गावात एकाच्या पाठीतलं पाणी काढलं, तो चौथ्या दिवशी गेला. ह्यांना तर काहीच होत नाही."

हा गैरसमज म्हणून उडवून लावायला माझं मन धजत नाही. त्यांनी जे पाहिलं ते खरंच आहे. आपल्याकडे ही तपासणी होते ती रुग्ण बेशुद्धीच्या काठावर आल्यावर. त्यानंतर माणूस जातो आणि गावाला सुई लक्षात राहते. त्यांना हेच सांगितलं: तो माणूस सुईने गेला नाही, सुईला उशीर झाला म्हणून गेला असेल, आणि तुम्ही वेळेत आला आहात. ताईंनी सुई कमरेच्या कोणत्या मणक्यांमध्ये जाते ते स्वतःच्या पाठीवर बोट ठेवून दाखवलं, तिथे मज्जारज्जू संपलेला असतो हेही समजावलं. सही दुपारी तीनला झाली.

पाण्यात बुरशी नाही.

रोज १,२०० मिलिग्रॅम फ्लुकोनॅझोल दोन आठवडे, मग ८०० मिलिग्रॅम आठ आठवडे, त्यानंतर २००. आज निघताना ते पुन्हा पुन्हा विचारत होते, "म्हणजे डोक्यात गेलं नाही ना?" नाही गेलं.

१३ ऑगस्ट

लहानशी पण तातडीची गोष्ट. आमच्याकडचा गोळ्यांचा साठा कमी पडला, म्हणून उरलेल्या गोळ्या बाहेरून घ्यायला चिठ्ठी दिली होती. मेडिकलवाल्याने सहा गोळ्या रोज हे वाचून चिठ्ठीत चूक झाली असं धरलं आणि दिवसाला एकच गोळी सांगितली. त्याच्या दुकानातून हे औषध गजकर्णासाठी, आठवड्याला एक, असंच जातं. नशिबाने ताईंनी फोन करून गोळ्या मोजून घेतल्या. आता प्रत्येक चिठ्ठीवर मराठीत, ठळक: "२०० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या रोज. हा डोस बरोबर आहे. शंका असल्यास केंद्रात फोन करा." आजाराचं नाव चिठ्ठीवर नाही, नसणारच.

२२ ऑगस्ट

हे लिहायला वेळ घेते आहे.

परवा वॉर्डात एक रुग्ण आले. महिनाभर डोकेदुखी. आधी सायनस म्हणून औषध, मग अर्धशिशी म्हणून. मग एका खासगी रुग्णालयात मणक्यातलं पाणी तपासलं, ते स्वच्छ, पेशी जेमतेम, म्हणून टीबीचा मेंदूज्वर असावा असं धरून टीबीच्या गोळ्या आणि स्टेरॉइड. एचआयव्हीची तपासणी तिथे शेवटी झाली.

पाणी स्वच्छ आणि पेशी नाहीत, यातच सगळी मेख आहे. पेशी येतात त्या शरीर लढतं म्हणून. ज्याचं लढायचं बळच संपलंय त्याच्या पाण्यात बुरशी खच्चून भरलेली असते आणि पेशी नसतात. नेहमीच्या नजरेला रिपोर्ट जवळपास नॉर्मल दिसतो. आम्ही थेंबभर पाण्यात इंडिया इंक मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. काळ्या शाईत पांढरी वलयं, प्रत्येकाच्या मध्ये एक गोल पेशी. ते वलय म्हणजे बुरशीचं जाड कवच, शाई त्यात शिरत नाही. निवासी डॉक्टरांना एकेक करून दाखवलं.

आणि स्टेरॉइड. टीबीच्या मेंदूज्वरात ते देण्याची रीत आहे, इथे ते घात करतं. व्हिएतनाम, थायलंड, इंडोनेशिया, लाओस, मलावी आणि युगांडात झालेली डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची चाचणी मधेच थांबवावी लागली. २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष आले: स्टेरॉइड दिलेल्यांमध्ये बुरशी हळू मरत होती आणि अपंगत्व जास्त होतं. दोन्ही मेंदूज्वर बाहेरून सारखे दिसतात, म्हणून अंदाजाने उपचार चालत नाहीत. पट्टी मणक्यातल्या पाण्यावरही चालते आणि दहा मिनिटंच लागतात.

मणक्यातल्या पाण्याचा दाब मोजायला मॅनोमीटर नव्हता. सलाइनची निर्जंतुक नळी उभी धरून शेजारी फूटपट्टी लावली. २५ सेंटीमीटरच्या वर गेलं की दाब धोक्याचा. पाणी नळीच्या वरच्या टोकातून बाहेर आलं. साधारण २५ मिलिलिटर काढलं. त्यांचा डावा डोळा आत वळला होता, तो तसाच राहिला, पण तासाभरात त्यांनी स्वतःहून पाणी मागितलं आणि बायकोला नावाने हाक मारली. वॉर्डातले मामा म्हणाले, "मॅडम, माणूस परत आला." दुसऱ्या दिवशी पुन्हा दाब, पुन्हा पाणी काढलं.

आज पहाटे ते गेले.

दाबाने मृत्यू होतो हे आमच्या विद्यार्थ्यांना शिकवलं जातं, पण दाब उतरवणं हा उपचार आहे आणि तो रोज करावा लागतो, हे पुरेसं ठसवलं जात नाही. अँफोटेरिसिनइतकंच ते महत्त्वाचं आहे. पुढच्या महिन्यात निवासी डॉक्टरांचं सत्र फक्त यावर घ्यायचं.

५ सप्टेंबर

औषधांचा हिशेब. साधं अँफोटेरिसिन स्वस्त आहे, पण रोज, तासन्‌तास, पाच टक्के डेक्स्ट्रोजमधूनच. सलाइनमध्ये घातलं की साका बसतो. रुग्ण थंडीने थरथरतो, शीर सुजते, पोटॅशियम खाली येतं, मूत्रपिंडावर ताण पडतो. आधी लिटरभर सलाइन आणि पोटॅशियम दिल्याशिवाय सुरू करायचं नाही, आणि मूत्रपिंडाची स्थिती सांगणारं क्रिएटिनिन सतत बघत राहायचं.

दुसरा प्रकार लायपोसोमल, मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेला. २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या वेळी हेच इंजेक्शन मिळावं म्हणून महाराष्ट्रात लोक रात्र-रात्र फिरत होते. त्याची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. बिहारमध्ये काळा आजारावर (वाळूमाशीच्या चाव्यातून होणारा तापाचा आजार) याचा १० मिलिग्रॅम प्रति किलो हा एकच डोस पुरतो, हे श्याम सुंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं. तोच १० मिलिग्रॅमचा एक डोस पुढे आफ्रिकेतल्या पाच देशांत क्रिप्टोकॉकल मेंदूज्वरावर तपासला गेला, सोबत फ्लुसायटोसीन (बुरशीवरचंच आणखी एक औषध) आणि फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या दोन आठवडे. ८४४ रुग्ण. दहा आठवड्यांनी मृत्यूचं प्रमाण २४.८ टक्के, तेव्हाच्या प्रमाण उपचारात २८.७. त्रासही कमी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये हीच पद्धत पहिली पसंती म्हणून मान्य केली.

पण यात फ्लुसायटोसीन लागतंच, आणि आपल्याकडे ते सहज मिळत नाही. नसेल तर लायपोसोमल ३ ते ४ मिलिग्रॅम प्रति किलो रोज, चौदा दिवस. ४५ किलोच्या माणसाचं गणित मांडलं. फ्लुसायटोसीन असेल तर ५० मिलिग्रॅमच्या ९ कुप्या, एकदाच. नसेल तर रोज ३, म्हणजे ४२ कुप्या. गोळ्यांचा एक डबा नाही म्हणून महागड्या इंजेक्शनच्या तेहतीस कुप्या जास्त आणि दोन आठवडे खाट अडते. खरेदीच्या प्रस्तावात हेच गणित पहिल्या पानावर घातलं आहे. दयेचा अर्ज नको, हिशेबाचा हवा.

२६ सप्टेंबर

आज केंद्रात चांगली चर्चा झाली. वॉर्डात उपचार चालू असलेल्या एका बाईंना एआरटी अजून का दिलं नाही, असा डेटा मॅनेजरचा प्रश्न. निदान झालं की शक्य तितक्या लवकर औषध, हे सगळ्यांना पाठ आहे आणि अहवालात ती जागा रिकामी दिसते.

मेंदूज्वर हा या नियमाला अपवाद. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या चाचणीत एका गटाला एक-दोन आठवड्यांत एआरटी दिलं, दुसऱ्याला पाच आठवड्यांनी. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४५ टक्के मृत्यू, दुसऱ्यात ३० टक्के. चाचणी लवकर थांबवली गेली. प्रतिकारशक्ती अचानक जागी होते आणि बुरशीने भरलेल्या मेंदूतच दाह पेटतो. म्हणून चार ते सहा आठवडे थांबायचं. केंद्रातल्या रुग्णनोंदीच्या व्हाइट कार्डवर लाल शाईने तारीख आणि कारण दोन्ही लिहायचं ठरलं, म्हणजे ड्यूटी बदलली तरी कुणी घाई करणार नाही, आणि ती तारीख कुणी विसरणारही नाही.

२१ ऑक्टोबर

दिवाळी जवळ आली. दिवाळी झाली की बीड आणि आसपासच्या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतील: सांगली, सातारा, कोल्हापूर, कर्नाटक. मार्च-एप्रिलपर्यंत परत नाहीत. उचल घेतलेली असते, मुकादम मध्येच सोडत नाही, आणि एक दिवस खाडा म्हणजे खिशातून दंड. "महिन्याला औषध घ्यायला या" हे वाक्य अशा माणसाला सांगणं म्हणजे औषध बंद कर म्हणून सांगणंच आहे.

उशिरा येणाऱ्यांच्या याद्या बघितल्या तेव्हा एक गोष्ट उघड दिसली. यात नव्याने निदान झालेले आहेतच, पण आधी औषध सुरू करून मध्येच सुटलेलेही तितकेच ठळक आहेत. त्यांच्या कार्डावर 'लॉस्ट टू फॉलोअप' लिहिलेलं असतं. ते कुठे गेले हे गावात सगळ्यांना माहीत असतं. ते फडावर होते.

म्हणून या पंधरवड्यात टोळीवर जाणाऱ्या प्रत्येकाला तीन महिन्यांची औषधं, आणि ज्या तालुक्यात फड पडणार तिथल्या एआरटी केंद्राचा पत्ता रुग्णाजवळच्या ग्रीन बुकमध्ये. फ्लुकोनॅझोल २०० मिलिग्रॅमवर असलेल्यांना त्याच्या गोळ्याही सोबत, कारण ते किमान वर्षभर चालवायचं आहे.

एक जोडपं आलं होतं. एकच कोयता, दोघंही जाणार. नवऱ्याला लागण आहे, बायकोला नाही. तिने ताईंना बाजूला घेऊन विचारलं, कोपीत एकत्र राहायचं, मला होईल का? ताईंनी गोळ्यांचा डबा तिच्याच हातात दिला. रोज गोळी घेतली आणि विषाणू दबलेला राहिला तर संबंधांतून लागण होत नाही. हे ठरवणाऱ्या मोठ्या चाचणीत १,७६३ जोडपी होती, नऊ देशांतली. त्यात पुण्याच्या नारी (राष्ट्रीय एड्स संशोधन) संस्थेतली जोडपीही होती. २०११ मध्ये निष्कर्ष आले: लवकर औषध दिल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. आपल्याच राज्यातल्या नवरा-बायकोंनी जगाला दिलेली ही माहिती आहे, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग रोज रात्री मीच देते गोळी."

५ डिसेंबर

टीबी आणि बुरशी एकाच रुग्णात. खोकला, ताप, वजनघट, रात्रीचा घाम या चारांपैकी तीन लक्षणं होती आणि पट्टीही पॉझिटिव्ह. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असताना एचआयव्हीचं डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा, आणि रिफाम्पिसिनमुळे फ्लुकोनॅझोलची रक्तातली पातळीही खाली येते, हे लक्षात ठेवून डोस ठरवला. पट्टी पॉझिटिव्ह आली म्हणून टीबी शोधणं थांबवायचं नाही, टीबी सापडला म्हणून पट्टी टाळायची नाही.

२८ जानेवारी २०२५

२० तारखेला अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवली. आपला एचआयव्ही कार्यक्रम मुख्यत्वे स्वतःच्या सरकारी पैशावर चालतो, इथे औषधं बंद झालेली नाहीत. पण ज्या देशांतल्या रुग्णांनी आपल्याला हे सगळं शिकवलं, युगांडा, मलावी, झिम्बाब्वे, तिथल्या दवाखान्यांवर कुलपं लागण्याच्या बातम्या येताहेत. मी वर लिहिलेले आकडे त्या माणसांच्या शरीरातून आलेले आहेत. त्यांनी संमतीपत्रावर सह्या केल्या, अंगठे उठवले, म्हणून आज मराठवाड्यातल्या रुग्णाला कुठला डोस द्यायचा हे मला माहीत आहे. आज कामात लक्ष लागलं नाही.

१८ मार्च

टोळ्या परतू लागल्या आहेत. ते जोडपं कालच येऊन गेलं. मध्ये साताऱ्याकडच्या केंद्रातून औषध घेतलं होतं, ग्रीन बुकवर तिथला शिक्का आहे. त्याच्या व्हायरल लोडचा नमुना गेला, तिचीही तपासणी झाली, निगेटिव्ह.

ऑगस्टमधले ते रुग्ण, ज्यांच्या मणक्यातल्या पाण्यात काही सापडलं नव्हतं, त्यांचा नवा सीडी-फोर वर सरकलेला आहे. अजून २०० पार झालेला नाही, त्यामुळे गोळ्या चालूच. परवा त्यांनी गावातल्या एकाला सोबत आणलं, ताप आणि वजनघट असलेल्या. म्हणाले, "ह्याची पण ती पट्टी लावा." आधी एचआयव्हीची तपासणी, त्याची संमती घेऊन, एकट्याशी बोलून. ती झाली, मग पट्टी. दोन्हीचं उत्तर त्यालाच सांगितलं, आणणाऱ्याला नाही.

टक्केवारी आत्ता मांडायची नाही असं ठरवलं आहे, नमुना लहान आहे आणि सहा महिन्यांचा पाठपुरावा सगळ्यांचा पूर्ण व्हायचा आहे. जिल्हा बैठकीसाठी मागण्या मात्र तयार आहेत. सीडी-फोर २०० च्या खाली आला की लॅबनेच पट्टी लावावी, चिठ्ठीची वाट बघू नये. वॉर्डात मॅनोमीटर हवेत, निदान दोन. फ्लुसायटोसीनचा साठा जिल्ह्यात एका ठिकाणी तरी असावा. आणि टोळीवर जाणाऱ्यांची यादी ऑक्टोबरऐवजी सप्टेंबरमध्येच, आशाताईंच्या मदतीने करावी, पण यादीत कुणाच्या नावापुढे आजार लिहायचा नाही. टोळीवर जाणाऱ्या सगळ्यांचीच आरोग्य तपासणी ठेवायची, त्यातच आमचे लोक औषध घेऊन जातील.

पट्ट्यांचा पुढचा खोका मागवला. मुदत बघून घ्यायला टेक्निशियन दादांना सांगितलं आहे.